दवण्याच्या वाफेत द्राक्षांचा वास

माणूस सिगरेट खरोखर सोडतो तेव्हा काही दिवस तो माणसात राहत नाही. मी सोडली त्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून दुकानाबाहेर निघून गेलो होतो, आणि घरी बायको माझं ताट दारातून आत सरकवून लांब उभी राहायची. म्हणून बांग गिल्दोने सिगरेट सोडली आणि पंधरवड्याच्या आत तो गुणगुणायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गिल्दो आमच्या हमामात मळ काढायचं काम करतो. मोक्पो बंदराच्या मागच्या चढावर ग्वाक शेठचा हमाम आहे. पुरुषांच्या बाजूला, कपडे बदलायच्या खोलीत, एका कोपऱ्यात माझी न्हाव्याची खुर्ची आणि आरसा. काचेच्या दारातून आत गेलं की गरम पाण्याचे हौद, त्यापलीकडे दवण्याच्या वाफेची खोली, आणि मध्ये गिल्दोचं रबरी टेबल. भिंतीच्या पलीकडे बायकांची बाजू. तिथे अगदी तसंच टेबल, आणि त्या टेबलाशी त्याची बायको मीरान. दोघं सकाळी एका दारातून यायची, शेठच्या गल्ल्यापाशी डावीउजवीकडे फुटायची, ती संध्याकाळी पुन्हा चपला घालताना भेटायची. सगळा संसार त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभा होता म्हणा ना.

भिंत मात्र छतापर्यंत गेलेली नाही. वर हातभर जागा मोकळी आहे. तिथून इकडची वाफ तिकडे जाते, बोलणं जातं आणि साबणही जातो. एका घरातली माणसं एकच साबण आणतात आणि भिंतीवरून टाकतात. पलीकडून 'अहो, साबण' अशी हाक आली की इकडचे सगळे नवरे एकदम वर बघतात.

आता गिल्दोच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे. उजव्या हातात खरखरीत मोजा चढवून तो पाठ घासायचा, ते तर कुणीही करतं. पण त्याचा डावा हात उघडा असायचा, आणि तो उजव्याच्या पुढे पुढे जायचा. कुठे तीळ आहे, कुठे जुनं ऑपरेशन झालंय, कुठे कातडी पातळ पडलीय, हे डाव्या हाताची बोटं आधी बघून यायची आणि मग उजवा हात तिथे हलका व्हायचा. बेटावरून आलेला, शेवाळाच्या शेतात वाढलेला हा माणूस. बापाने त्याला होडीवर घेतलं नाही, कारण त्याला समुद्र लागायचा. मग एका म्हाताऱ्या उस्तादाकडे राहिला. त्या उस्तादाने त्याला आधी कितीतरी दिवस पिकलेले टोमॅटो घासायला लावले. साल फाटली की रात्री जेवायला तोच टोमॅटो. गिल्दो आजही टोमॅटो खात नाही. पण त्याच्या टेबलावर कुणाला कधी ओरखडा उठला नाही. मोठमोठे बोटमालक आणि भांडखोर म्हातारे त्याच्यापुढे तान्ह्या मुलासारखे पालथे पडायचे आणि झोपी जायचे.

सिगरेटचं म्हणाल तर ती त्याला लष्करात लागली. तेव्हा शिपायाला जेवणाबरोबर पाकीट मिळायचं. "सरकारने लावलेली सवय आहे, दादा, सरकारनेच सोडवावी," असं तो म्हणायचा. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ओल्या अंगाने मागच्या बोळात जायचं, दोन झुरके मारायचे आणि परत यायचं. भर थंडीतसुद्धा.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पांढरंफटक पडायला लागलं. मग ते निळं व्हायचं. मग टोकाला एक जखम झाली ती भरेना. त्याने पट्टी लावली, बोट आत दुमडलं आणि काम चालू ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मी एक दिवस ती मूठ उघडून बघितली आणि म्हटलं, हे डॉक्टरला दाखवायचं.

नव्या वर्षाच्या सणाआधी बायकांच्या बाजूला झुंबड असते, त्यामुळे मीरानला हलता येईना. ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात त्याला मीच घेऊन गेलो. डॉक्टरीण तरुण होती, केस माझ्याहून आखूड. तिने हाताचे फोटो काढले, पडद्यावर रक्तवाहिन्या दाखवल्या. जिथे झाडाच्या फांद्या दिसायला हव्यात तिथे नुसते खुंट होते. आजाराचं नाव बर्गर. गिल्दो परतीच्या बसमध्ये मला म्हणाला, "दादा, मी तर जन्मात एकदाच खाल्लाय." पण तो विनोद करत होता, कारण डॉक्टरीण बाई जे बोलली ते त्याने नीट ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं.

ती म्हणाली, "कमी करायचं नाही. बंद करायचं. आणि नुसती सिगरेट नाही, निकोटिन. निकोटिनची पट्टी नाही, च्युइंगगम नाही, वाफेची सिगरेट नाही. दुसऱ्या एखाद्याला मी वेगळं सांगेन, सिगरेट सुटत नसेल तर निदान तिकडे वळा म्हणेन. तुम्हाला नाही सांगणार. तुमच्या रक्तवाहिन्यांचं भांडण धुराशी नाहीये, निकोटिनशी आहे."

"अगदी थोडंसं असेल तर?" गिल्दोने विचारलं.

"अगदी थोडंसं बोट गेलं तर चालेल?" तिने विचारलं. "आधी हे जाईल. मग शेजारचं."

त्याच संध्याकाळी मी शब्द न् शब्द मीरानला सांगितला. ती ओला मोजा पिळत ऐकत होती. मोज्यातलं पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत होती.

गिल्दोने सिगरेट सोडली. आरोग्य केंद्रात नाव घातलं. तिथे दर पंधरा दिवसांनी एका यंत्रात फुंकायला लावतात. धूर ओढला असेल तर आकडा चढतो, नसेल तर शून्य. गिल्दोचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच राहिला. नर्सने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या म्हणे. ग्वाक शेठने हमामातल्या सगळ्यांना उकडलेली अंडी वाटली, आणि हा शेठ स्वतःच्या मुलीच्या लग्नात पानं मोजून वाढणारा माणूस आहे.

सगळे खूश होते. मी नव्हतो. शून्य ठीक आहे हो, पण चिडचिड कुठे आहे? हा माणूस जेवतोय व्यवस्थित, झोपतोय व्यवस्थित, टेबल धुताना जुनी गाणी गुणगुणतोय. निकोटिन सुटलेला माणूस गुणगुणत नाही. तो दात ओठ खातो. मी एकदा मुद्दाम त्याच्या पायावर बादली पाडली. "असू दे दादा, होतं असं," म्हणाला. मी त्या रात्री बायकोला सांगितलं की गिल्दो काहीतरी ओढतोय. ती म्हणाली, "तुम्हाला देवळातल्या घंटेवरसुद्धा संशय येतो." तिचं म्हणणं खोटं नाही. पण घंटा कधीकधी चोरीलाही जाते.

मग तो वासाचा तमाशा सुरू झाला.

सोन मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी येतात. दवण्याच्या वाफेच्या खोलीत बसल्याशिवाय त्यांचे गुडघे हलत नाहीत. एक दिवस ते तिथून टॉवेल न गुंडाळताच ताडताड बाहेर आले आणि थेट शेठच्या गल्ल्यावर गेले. नशीब, समोर कुणी बाई नव्हती.

"ग्वाक, त्या खोलीत दवणा टाकतोस की द्राक्षाचं सरबत?"

"दवणाच टाकतो, मास्तर. कांगह्वा बेटावरचा."

"मग द्राक्षाचा वास कुठून येतो? बाजारातला अर्क टाकतोस तू. पैसे दवण्याचे घेतोस."

शेठला ते झोंबलं. तो आत गेला, नाक वर करून हुंगून आला, आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "जिन्बे, हा तुझ्या दाढीनंतरच्या पाण्याचा वास आहे. चोरून स्वस्तातलं आणतोस."

मी न्हावी आहे, माझ्या बाटल्यांवर बोट ठेवलेलं मी खपवून घेत नाही. मी सगळ्या बाटल्या त्याच्या नाकाखाली उघडल्या. एकीलाही द्राक्षाचा वास नव्हता. मग शेठला वाटलं मास्तर म्हातारपणामुळे भ्रमले आहेत, मास्तरांना वाटलं शेठ आणि मी मिळून भेसळ करतो, आणि मला दोघांचाही संशय आला. आठवडाभर आम्ही तिघं एकमेकांना नमस्कार करत नव्हतो. गिल्दो मात्र शहाण्यासारखा मध्ये पडला. "अहो, आजकालच्या पोरांचे शाम्पू कसले कसले असतात. गटारातून वास वर येत असेल. मी जाळी साफ करतो." आणि त्याने खरंच जाळी साफ केली. गुणगुणत.

त्या दिवशी मला सगळं कळायला हवं होतं. थोडं कळलंही. ज्या जागी आधीच वाफ आहे तिथे आणखी थोडी वाफ सोडली तर ती कोणाला दिसणार? पण खात्री हवी ना. नुसत्या नाकाच्या जोरावर कुणाला चोर म्हणता येत नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी चपला घालताना मीरानने मला हळूच गाठलं.

"दादा, एक विचारू? यांच्या तोंडाला तंबाखूचा वास नाही. यंत्रात शून्य येतं. मग जखम का भरत नाही?"

"औषधं चालू आहेत ना?"

"माझ्या हाताने देते मी. यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात. बोट तर खोटं बोलूच शकत नाही. मग खोटं बोलतंय कोण?" तिने गिल्दो येतोय का ते मागे वळून बघितलं. "घरी मी लक्ष ठेवते. रस्त्यात मी बरोबर असते. माझी नजर पोचत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे ही पुरुषांची बाजू. तिथे तुम्ही आहात. मला सांगाल?"

मी हो म्हटलं. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं.

आता तुम्हीच सांगा, अंगावर फक्त एक काळी चड्डी घालून दिवसभर पाण्यात वावरणारा माणूस वस्तू लपवणार कुठे? मी त्याचं कपाट बघितलं. तेलाच्या बाटल्यांमागे बघितलं, गिऱ्हाइकांच्या तोंडाला लावायच्या काकड्यांच्या टोपलीत बघितलं, टेबलाखाली हात फिरवला. भिंतीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मोजे टांगलेले असतात, ज्याचा त्याला. तेही एकेक करून चाचपले. शेवटच्या खिळ्यावर पे कप्तानाचा मोजा आहे. कप्तान गेला त्याला वर्ष झालं, पण गिल्दोने तो उतरवला नाही, आणि आम्हीही कुणी त्याला हात लावत नाही. मला वाटलं, लपवायला याहून चांगली जागा कुठली? मी आत हात घातला.

"मेलेल्या माणसाच्या हातात हात घालताय, दादा?" मागे गिल्दो उभा होता.

मोजा रिकामा होता. मला इतकी लाज वाटली की मी कप्तानाची मोठ्याने माफी मागितली. गिल्दोने मोजा सरळ केला आणि गेला. वाटलं, आपलं चुकलं. हा बिचारा खरंच सुटलाय आणि आपण कुजकट आहोत. दोनतीन दिवस मी त्याच्यावर नजर ठेवली नाही.

पण त्याच दोनतीन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सोन मास्तर खुर्चीत बसले असताना त्यांच्या पाठीवर मला लाल ओरबाडा दिसला. खांद्याखाली, जिथे त्यांची कातडी कागदासारखी आहे तिथे. "काय झालं?" म्हटलं. "गिल्दोचा हात लागला जरा," ते म्हणाले. "चालायचंच, माणूस आहे." गिल्दोचा हात लागला! पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त द्राक्षं होती.

आणि मग ती संध्याकाळ. हमाम रिकामा होत आला होता. मी माझे कंगवे धुवायला आत आलो होतो, सोन मास्तर हौदात गळ्यापर्यंत बुडून बसले होते. गिल्दो दवण्याच्या खोलीतून बाहेर आला, गाणं म्हणत. कोपऱ्यातल्या फळीवर त्याची साबणाची हिरवी डबी ठेवलेली असते. आत मीरानच्या बहिणीने घरी केलेला साबण. अंघोळ झाली की तो तीच डबी भिंतीवरून बायकोला टाकतो. मी ती डबी वर्षानुवर्षं बघत आलोय. सगळा हमाम धुंडाळला मी, पण नाकासमोरच्या साबणाच्या डबीत काही असेल असं माझ्या मनात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पलीकडून मीरानची हाक आली, "अहो सोराचे बाबा, साबण!" सोरा म्हणजे त्यांची मुलगी.

गिल्दोने फळीकडे हात नेला. वाफ दाट होती. डाव्या हाताने डबी उचलली आणि सवयीने वर फेकली. पलीकडे फरशीवर ती पडल्याचा आवाज आला. साबण भरलेली डबी धप्पकन पडते. ही टणटणत गेली.

गिल्दोचं गाणं थांबलं. त्याने फळीकडे बघितलं. तिथे आणखी एक हिरवी डबी होती, अगदी तशीच. त्याने ती उघडली. आत साबण होता.

पलीकडे डबी उघडल्याचं ऐकू आलं. मग मीरानचा आवाज आला, शांत.

"सोराचे बाबा."

"हं."

"हा साबण द्राक्षाचा आहे का हो?"

पलीकडे कोणीतरी बाई हसली आणि लगेच गप्प झाली. "बघ! द्राक्षच म्हणत होतो मी," हौदातून सोन मास्तर मला म्हणाले. मी त्यांना गप्प बसायची खूण केली.

"पुरुषमाणसांनी टॉवेल घ्या," मीरान पलीकडून म्हणाली. "मी येतेय."

असं आमच्या हमामात कधी झालं नव्हतं. दोघंतिघं बाहेर पळाले. मास्तरांना हौदातून निघायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी बादली समोर धरली. मीरान आली ती कामाच्या कपड्यांवर मोठा टॉवेल पांघरून. हातात हिरवी डबी, आत बोटाएवढी जांभळी वस्तू. ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसली.

"कुणी दिली?"

"सूहानने." सूहान म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तिने डोळे मिटून घेतले.

"त्याच्यावर रागावू नकोस," गिल्दो म्हणाला. "चांगल्यासाठीच दिली. सोडल्यावर तिसऱ्याच दिवशी मी भिंतीवर डोकं आपटत होतो, त्याला बघवलं नाही. हे बघ, यात धूर नाही. वाफ आहे. आपलं सगळं आयुष्य वाफेतच गेलं ना? यंत्रात शून्य येतं. नर्सने विचारलं, वाफेची ओढता का, मी नाही म्हटलं, एवढंच खोटं. दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस मी, तो इथवर आलो. हे कुणी बघतच नाही."

"त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही," बादलीमागून सोन मास्तर म्हणाले. "माझा मुलगापण यावरच आला. खोकला गेला त्याचा."

"तुमच्या मुलाच्या बोटांना काही झालंय का, मास्तर?" मी विचारलं.

"नाही."

"मग बसा पाण्यात."

मीरानने आमच्या कुणाकडे बघितलं नाही. ती डबी उलटसुलट करत होती. "मला एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही ही साबण समजून टाकलीत?"

"वाफेत दिसलं नाही गं."

"दिसायचं कशाला? हातात होती ना. दमट होऊ नये म्हणून या डबीला रबर लावलंय तुम्ही. दोन वेढे. साबणाच्या डबीला नाही." तिने रबर ताणून सोडलं, ते चट्कन वाजलं. "हे बोटांना लागलं नाही?"

गिल्दो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"डाव्या हाताने उचललीत ना?"

"हो."

"मग?"

"कळत नाही," तो म्हणाला.

"काय कळत नाही?"

"टोकांना. तीन बोटांच्या." त्याचा आवाज इतका बारीक झाला की नळ चालू असता तर ऐकूच आला नसता. "शरदातल्या सणापासून काही लागत नाही हाताला. डोळ्यांनी बघून घासतोय मी."

मला मास्तरांची पाठ आठवली. मास्तरांनाही आठवली असावी, त्यांचा हात आपसूक खांद्यामागे गेला. मी इतके दिवस एका जांभळ्या नळीच्या मागे लागलो होतो, आणि हा माणूस त्याहून मोठी गोष्ट लपवत होता. मला त्याचा भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली नुसती भीती होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. या हाताशिवाय गिल्दो म्हणजे कोण? समुद्र लागतो म्हणून बापाने नको म्हटलेला एक माणूस.

मीरान ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त त्याचा डावा हात ओढून स्वतःच्या गालावर ठेवला. "हे कळतंय?" गिल्दोने मान हलवली, नाही म्हणून. आणि मग तो रडायला लागला. सोन मास्तर बादलीमागे तोंड लपवून बसले.

ती वस्तू मीरानने फेकली नाही. रविवारी माहेरी जाऊन आईच्या समोर भावाच्या तळहातावर ठेवली. काय बोलली ते मला माहीत नाही. सूहान अजून आमच्या रस्त्याने येत नाही.

त्यानंतर गिल्दोने खरंच सोडलं, आणि मला ते कुणी सांगावं लागलं नाही. तो चहाच्या कपाशी भांडायचा. पाणी गरम आहे म्हणून पाण्याला शिव्या द्यायचा. एकदा मी नुसतं "कसं काय?" विचारलं तर त्याने माझ्याकडे बादली भिरकावली. ती आरशाला लागली आणि आरसा फुटला. शेठ धावत आला. मी म्हटलं, "शेठ, आरसा माझ्याकडून. आता अंडी वाटा." पहिल्यांदा मला खात्री वाटली.

तरी उशीर झालाच होता. त्या बोटाचं नखाकडचं पेर डॉक्टरीण बाईला काढावं लागलं. बाकीची दोन बोटं राहतील की नाही, ती म्हणाली, ते आता तुमच्यावर आहे. गिल्दोने टेबलाला हात लावला नाही. तो टॉवेलच्या घड्या घालायचा, गटारं काढायचा, आणि त्याच्या टेबलावर दुसऱ्या हमामातून आलेला एक माणूस घासायचा. त्या माणसाच्या हाताखाली कुणाला झोप लागत नव्हती.

यंत्रावर मीरानचा विश्वास उरला नव्हता. तिने स्वतःची परीक्षा काढली. रोज संध्याकाळी साबण टाकायच्या आधी गिल्दोने डोळे मिटायचे, मी त्याच्या डाव्या हातात काहीतरी ठेवायचं, त्याने नाव सांगायचं आणि ती भिंतीपलीकडून ऐकणार. साबण, वज्री, कंगवा, उकडलेलं अंडं. पहिल्या दिवशी त्याने अंड्याला वज्री म्हटलं.

मी अर्थातच लबाडी शोधत होतो, आणि ती सापडली. तो साबण वासाने ओळखायचा. मी भिंतीवरून तक्रार केली, तर पलीकडून हुकूम आला, "नाक धरा त्यांचं." मग रोज संध्याकाळी हा धिप्पाड माणूस डोळे मिटून उभा, आणि मी एका हाताने त्याचं नाक धरून दुसऱ्या हाताने वस्तू देतोय, असा देखावा. सोन मास्तर वेळ साधून यायचे. हिवाळा सरला तसं अंड्याचं अंडं झालं, कंगव्याचा कंगवा झाला. जखमा कोरड्या पडल्या. मी म्हणत होतो, अंदाजाने सांगतोय. चारच वस्तू आहेत, कुणीही सांगेल.

काल संध्याकाळी मी त्याच्या हातात नुसता साबण ठेवला, डबीविना.

"साबण," तो म्हणाला, नाकातून.

"साबण म्हणतोय," मी पलीकडे ओरडलो आणि नाक सोडलं.

पण त्याने डोळे उघडले नाहीत. अंगठा आणि पहिली दोन बोटं साबणावरून हळूहळू फिरत होती, पूर्वी पाठीवरून फिरायची तशी. "थांबा दादा," तो म्हणाला. "यावर केस आहे."

मी वाकून बघितलं. मला काही दिसेना. म्हटलं, पकडला. साबण त्याच्या हातातून घेतला आणि दिव्याखाली नेला. सगळीकडून फिरवला. एका कडेला, अर्धा साबणात रुतलेला, एक पांढरा केस होता.

"का गप्प बसलात?" पलीकडून मीरान म्हणाली. "काय झालं?"

"वहिनी, साबणावर केस आहे म्हणतोय."

"आहे?"

"आहे."

पलीकडचा नळ बंद झाला. मग ती म्हणाली, "मग काढून टाका ना. असाच देणार आहात का मला?"

मी साबण गिल्दोच्या डाव्या हातात परत दिला. त्याने डोळे न उघडता दोन बोटांच्या चिमटीत केस धरला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा निघाला. मग त्याने साबण भिंतीवरून टाकला.